तुरुंगासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं पत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात 'तुरुंग की हॉटेल?' हे एका वाचकाचं पत्र आलंय. राज्यातल्या तुरुंगांच्या कॅन्टीनच्या यादीत आता पाणीपुरी आणि आइस्क्रीमही आहे, हे कळल्यावर त्यांचा पारा चढलेला दिसतो. प्रामाणिक माणसाला मेथीची जुडी घ्यायची तर दोनदा विचार करावा लागतो आणि हे आत बसून सरकारी खर्चानं चैन करतात, असा एकूण सूर. शेवटी त्यांनी विचारलंय, असल्यांना माणूस तरी का म्हणायचं?

विचारलंय तर सांगतो. माझं एका जिल्हा कारागृहासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कोणत्या ते लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि मला उद्याही शटर उघडायचंय. दुकानाला एकोणीस वर्षं झाली. रस्ता ओलांडला की गेट. एवढ्या वर्षांत मी आत गेलेलो नाही. एकदा तिथल्या ऑफिसातलं मशीन अडकलं म्हणून बोलावणं आलं होतं, पण ते बाहेरच्याच खोलीत होतं. अडकलेला कागद काढला, चहा प्यालो, परत आलो. तेव्हा आत काय चालतं ते मला विचारू नका. रस्त्याच्या अलीकडे जे येतं तेवढं मला ठाऊक.

पाणीपुरीचं आधी उरकतो. कॅन्टीनमधलं काही फुकट नसतं. कैद्याच्या नावावर घरून पैसे आले असतील किंवा आतल्या कामाची मजुरी जमा झाली असेल, तर त्यातून ते कापून जातात. फुकट मिळतं ते जेवण, आणि त्याची तारीफ करत माझ्या दुकानावरून अजून कुणी गेलेलं नाही. घरचे पैसे म्हणजे बहुतेकदा मनीऑर्डर. शेजारी पोस्ट आहे, फॉर्म भरून घ्यायला बायका माझ्याकडे येतात. मनीऑर्डरीला वीस रुपयांमागे रुपया कमिशन, म्हणजे ५०० पाठवायचे तर जवळ ५२५ हवेत. चार घरची धुणीभांडी करणारी एक आजी दर महिन्याला नातवाला ३०० पाठवते आणि वरचे १५ द्यायला कनवटीची चिल्लर माझ्या काउंटरवर ओतते. तिला मी पाणीपुरीची बातमी वाचून दाखवली. ती काळजीत पडली. म्हणाली, "तिखट नसंल न्हवं ती? त्याला सोसत न्हाई."

आता मोबाइलचं. मुलाखतीला, म्हणजे आतल्या माणसाला भेटायला, जाताना मोबाइल आत नेता येत नाही. लोक परगावाहून आलेले, ठेवणार कुठं? पहिली दोन वर्षं मी नुसता ड्रॉवर उघडून द्यायचो, त्यात एकदा अदलाबदल होऊन दुकानासमोर मारामारी झाली. मग जुन्या बाजारात पोस्टातली पत्रं लावायची लाकडी मांडणी मिळाली, अठ्ठेचाळीस खणांची. प्रत्येक खणाला नंबर घातला. आधी पितळी बिल्ले केले होते, ते गेटवर अडवू लागले, म्हणून पुठ्ठ्याची टोकनं कापून लॅमिनेट केली. मोबाइल खणात, टोकन माणसाच्या हातात, दहा रुपये.

बघायचं नाही म्हटलं तरी दिसतं. मोबाइल खणात सरकवताना स्क्रीन पेटते आणि आतला माणूस समोर उभा राहतो. शेरवानी आणि मुंडावळ्यांतला, डोळे फोटोग्राफरकडे सोडून भलतीकडेच. बेंदराला सजवलेल्या बैलाच्या वशिंडावर हात टाकून उभा असलेला, अंगावर बैलापेक्षा जास्त गुलाल. चंद्रभागेच्या वाळवंटात कपाळभर बुक्का लावून, शेजारी आई. एकाच्या फोटोत तो पाठमोरा आहे, गॅसवर काहीतरी परततोय. बायकोनं त्याला न सांगता काढला असणार. ज्यांना मी कधीच पाहिलेलं नाही अशा शेकडो माणसांचे चेहरे मला पाठ आहेत. कुणी काय केलं ते मला माहीत नसतं, मी विचारतही नाही. आधारकार्डाच्या झेरॉक्सवर गुन्हा लिहिलेला नसतो.

मालक आत गेले की खण वाजायला लागतात. मी उचलत नाही, पण नाव दिसतं. 'आई नवीन', 'मुकादम', 'सोनूच्या बाई'. एकीच्या मोबाइलवर 'वकील २' असं यायचं. वकील १ कुठं गेले ते विचारू नये. दुपारी एकला एका खणात गजर होतो, 'बीपीची गोळी'. ती गोळी ज्याची आहे तो आत, गजर बाहेर. बाईला मी म्हटलं, बंद करून टाका की. म्हणाली, "राहू दे. एक वाजला कळतं."

मुलाखत पंधरा-वीस मिनिटांची. मध्ये काच, बोलणं फोनवरून. परत आल्या की टोकन पुढं करतात, मोबाइल घेतात आणि तिथंच उभ्या राहून स्क्रीन बघतात. आत्ता ज्याला प्रत्यक्ष बघून आल्या त्याचाच फोटो बघतात. मग म्हणतात, "वाळलाय." सगळ्या हेच म्हणतात. एकोणीस वर्षांत एकच म्हातारा निघाला, जो म्हणाला, "अंगानं भरलाय. लक्षण बरं न्हाई." त्याचं बरोबर होतं की चूक, ते मला पुढं कळलं नाही.

डब्यांचं एक सांगायचं राहील. घरचं अन्न आमच्याकडे आत घेत नाहीत. गेटवरच्या शिपायाला मी दोष देत नाही, डब्यातून काय काय जाऊ शकतं ते त्यालाच ठाऊक. पण पहिल्यांदा येणाऱ्याला हे माहीत नसतं. गेल्या पाडव्याला एक बाई पहाटेच्या एसटीनं पुरणपोळ्या घेऊन आली, फडक्यात बांधलेला डबा, वर तुपाची वेगळी वाटी. गेटवरून परत आली, डबा माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "परत न्यायला बरं न्हाई. तुम्ही खावा." मी नको म्हटलं. तिनं झाकण उघडलंच. तूप तिनं स्वतः ओतलं, जास्त ओतलं, आणि मी खाऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. दोन खाल्ल्या.

मुलांना वर्षातून कधीतरी 'गळाभेट' म्हणून आत सोडतात, बापाला काचेशिवाय भेटता येतं. राज्यातल्या बऱ्याच तुरुंगांनी हा उपक्रम केलाय आणि तो चांगला आहे. त्या दिवशी माझ्याकडे गर्दी असते. नवे फ्रॉक, तेल लावून चापून बसवलेले केस. एक सहा-सात वर्षांची मुलगी परत आली आणि आईला म्हणाली, "पप्पांना वेगळाच वास येतोय." आई म्हणाली, "साबण वेगळा असतोय." मुलगी गप्प बसली. आई पत्र लिहायला कागद मागत होती, तेवढ्यात पोरीनं मशीनचं झाकण उचललं आणि काचेवर हात ठेवला. मी म्हटलं डोळे मीट, आणि बटण दाबलं. कडा फार काळ्या आल्या, पण हातावरच्या रेषा स्वच्छ होत्या. तो कागद पत्रासोबत गेला. आता ती प्रथाच पडली आहे. हाताचे पैसे मी घेत नाही.

हे वाचून झेरॉक्सवाला मोठा दयाळू दिसतो असं कुणाला वाटेल, म्हणून पुढचं लिहितो.

माझ्या काचेवरून जामिनाच्या किती ऑर्डरी गेल्या असतील याची गणती नाही. पानाला दोन रुपये. अठरा वर्षं मी फक्त अक्षर ठळक येतंय ना, समास कापला जात नाही ना, एवढंच बघितलं. एकही वाचली नाही. मागच्या वर्षी टोनर संपत आला होता, प्रती पुसट निघत होत्या, एक ऑर्डर तीन-तीनदा काढावी लागली म्हणून ती वाचनात आली. ऊसतोडीला आलेल्या टोळीतला पोरगा, कलम चोरीचं, विहिरीवरची पाण्याची मोटर. १५,००० रुपयांचा जामीन, एक जामीनदार. तारीख बघितली. चार महिने होऊन गेलेले. समोर त्याची बहीण उभी. मी विचारलं, जामीन झालाय तर पोरगा आत कसा? ती म्हणाली, "जामीनदार न्हाई गावला."

जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे, नाहीतर पगाराचा दाखला आहे असा माणूस. कुठं तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. हंगाम संपला तशी टोळी मराठवाड्यात परत गेली. त्यांच्यापैकी एकाच्याही नावावर गुंठा नाही, आणि इथल्या कुणी त्यांच्यासाठी सातबारा का काढावा? मुकादमाला फोन केला होता, त्यानं उचल फिटली नाही म्हणून उलट शिव्या दिल्या. न्यायाधीशानं सोडलेला पोरगा निव्वळ ओळखीचा शेतकरी नाही म्हणून आत बसला होता.

मग मी चौकशी केली. कोर्टात टायपिंग करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडून जे कळलं ते इथं लिहितो, कारण ज्यांना याची गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. जामीनदार स्थानिकच हवा असा हट्ट धरू नये, हेही त्यातच आहे. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांच्यासाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे, ती आली तेव्हा कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याला, जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, आणि शिक्षा झालेला दंडाअभावी अडकला असेल तर २५,००० पर्यंत. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा जो नवा कायदा लागू झाला त्याच्या ४७९ कलमात असं आहे की पहिल्यांदाच पकडलेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले असले तरी अडतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये ते जुन्या खटल्यांनाही लागू केलं.

कायदा चांगला आहे, कागदावर ठळक उमटलेला आहे. आमचा अनुभव असा की ठळक कागदसुद्धा कुणीतरी वाचावा लागतो. मी विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज टाइप करून दिला, बहिणीनं अंगठा दिला. तीन आठवड्यांनी पोरगा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. माझी फुशारकी म्हणून हे सांगत नाही. त्याआधीच्या अठरा वर्षांत जे कागद न वाचता परत दिले, त्यांतल्या किती जणांचं असंच झालं असेल, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

देशाचा आकडा हवा असेल तर सरकारचाच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे वर्षअखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची. माझ्या दुकानातल्या चौघांच्या बाकावर सव्वापाच जण बसवल्यासारखं. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर. पत्रलेखक ज्यांना 'असले' म्हणतात त्यांच्यातल्या चारपैकी तिघांवर गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही.

माणूस म्हणायचं का, याचा निकालही जुनाच आहे, आणि तो एका पत्रामुळं लागला. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेले सुनील बात्रा यांनी शेजारच्या एका कैद्याचा छळ होतोय म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्राचीच याचिका केली आणि १९७९ मध्ये निकाल दिला. तुरुंगाच्या गेटातून आत गेलं म्हणून माणसाचे मूलभूत हक्क गेटाबाहेर राहत नाहीत, हा त्याचा मथितार्थ. लिहिणारा स्वतः फाशीच्या वाटेवर आणि पत्र दुसऱ्यासाठी. मला त्या निकालापेक्षा हेच जास्त लक्षात राहिलंय.

एक पारधी समाजाची म्हातारी येते. ई-मुलाखतीची, म्हणजे आतल्या माणसाशी व्हिडिओवर बोलायची, नोंदणी मी करून देतो, वीस रुपये. नाव विचारलं की ती आधी जात सांगते, मग नाव. फॉर्ममध्ये जातीचा रकाना नाही, असं तिला दहा वेळा सांगून झालं. तिच्या आजा-पणजाला इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, ते कायदे १९५२ ला गेले, पण सवय तिच्यापर्यंत पोचली. तुरुंगाच्या नोंदवह्यांत मात्र जातीचा रकाना खरोखर होता. आतलं झाडू-संडासाचं काम कुणी करायचं नि स्वयंपाक कुणी, हेही किती तरी राज्यांच्या नियमावल्यांत जातीवर ठरत होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि रकाना काढायला सांगितला. म्हातारीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. लिव्हा, पारधी."

आता दुसरी बाजू. पत्रलेखक म्हणतील की ज्याचं माणूस गेलं त्याचं काय? रास्त आहे. एकदा साठीचे एक गृहस्थ आले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. पोस्टमॉर्टेमच्या अहवालाच्या प्रती काढायच्या होत्या. नाव वाचलं, मुलीचं होतं, वय तेवीस. मी पहिलं पान काचेवर ठेवलं, तेवढ्यात एका खणात मोबाइल वाजला. त्यांनी मांडणीकडे बघितलं, विचारलं, "हे कुणाचे?" मी सांगितलं. त्यांनी हात पुढं करून काचेवरचं पान घेतलं, फाइलमध्ये ठेवलं आणि निघून गेले. पुढच्या चौकातल्या दुकानात प्रती काढल्या असतील. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मांडणी त्यांच्या नजरेआड करायला हवी होती असं वाटलं. नंतर तिला पडदा लावला. पण तो माणूस पुन्हा आला नाही.

आणि आतल्यांतही सगळे गरीब गाय नसतात, हे मला कुणी शिकवायला नको. एकाला सुटल्यावर चहा पाजला आणि तो जाताना स्टेपलर घेऊन गेला. कांगारूचा होता.

सुटणारे बहुधा संध्याकाळी सुटतात. ऑर्डर पोचायची, कागद जुळायचे, तोवर दिवस कलतो. हातात कपड्यांची पिशवी, आणि नेमका आमच्या बाजूला रस्ता ओलांडून येतात, कारण बोर्डावर अजून 'एसटीडी' लिहिलेलं आहे. फोन लावू द्या म्हणतात. नंबर पाठ नसतो. असलाच तर एखादा, आणि तो दहा वर्षांपूर्वीचा. एक जण चार वर्षांनी बाहेर आला होता. मी त्याला बाकावर बस म्हटलं, तो बसला. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली तसा पटकन उठून बाकाशेजारी जमिनीवर उकिडवा बसला आणि हातानं शेजारी जागा ठेवली. मोजणीला जोडीनं बसवतात ना, त्या जागेवर दुसरा यायचा असतो. गाडी गेली. तो आपला तसाच. मी काउंटरमागून बाहेर आलो, काय करावं सुचेना, त्याच्याशेजारी त्या जागेवर बसलो. गुडघे दुखतात माझे, उठायला त्यानंच हात दिला.

आपण मराठी लोक तुरुंगाला सरसकट नाक मुरडतो असंही नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी-रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी कैद्यांत बसून ती उतरवून घेतली, हे आम्हाला शाळेत अभिमानानं शिकवलं. माणदेशात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंधच्या राजांनी १९३९ साली कैद्यांसाठी वसवलेली खुली वसाहत. भिंत नाही, कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. मेहुण्याच्या मुलाच्या लग्नाला आटपाडीला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. बघण्यासारखं काही नव्हतं. घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोंबड्या. बायको म्हणाली, "हे बघायला आणलंत होय?"

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणं आहे, आणि ते एकट्या आपल्याकडे नाही, सगळ्याच वर्तमानपत्रांकडे आहे. गेल्या जूनमध्ये एक किराणा दुकानदार माझ्याकडे निकालपत्राचं शेवटचं पान घेऊन आला. त्याच्या मुलाची निर्दोष सुटका झाली होती. साडेतीन वर्षांनी. 'निर्दोष मुक्त करण्यात येत आहे' या ओळीखाली त्यानं तांबड्या पेनानं रेघ मारली होती. म्हणाला, हे मोठं करून द्या आणि लॅमिनेट करा. ए-फोरचं ए-थ्री करायचं म्हणजे मशीनवर १४१ टक्के. करून दिलं. म्हणाला, अजून मोठं होईल? मी म्हटलं आमच्याकडे एवढंच, फ्लेक्सवाल्याकडे जावं लागेल. कशाला हवंय विचारलं, तर त्यानं पाकिटातून बातमीचं कात्रण काढलं. मुलाला पकडलं त्या दिवशीची बातमी, नावासकट, वडिलांच्या दुकानाच्या नावासकट, तीन कॉलम. सुटल्याची बातमी कुठंच नाही. म्हणून तो निकाल दुकानाच्या दारावर लावणार होता, म्हणजे साखर घ्यायला येणाऱ्यानं तरी वाचावा. जाताना म्हणाला, "त्यांनी तीन कॉलम दिलं होतं हो. मला एक दिलं असतं तरी भागलं असतं."

ज्याला पकडल्याचं आपण नावानिशी छापता, त्याच्या सुटकेचं त्याच पानावर छापा. जागा नसेल तर माझं हे पत्र निम्मं कापा.

जाता जाता एक निवेदन, ते मात्र कापू नका. माझ्याकडे खण नंबर ३१ मध्ये दिवाळीच्या आधीपासून एक मोबाइल पडून आहे. काळा, साधा, डावीकडचा कोपरा फुटलेला, मागं खंडोबाचं स्टिकर. घेऊन आलेली बाई तिशीची असावी, हिरवी साडी, कडेवर मूल. दिवसातल्या शेवटच्या मुलाखतीला गेल्या आणि बहुधा गाडी चुकेल म्हणून परस्पर स्टँडवर गेल्या. रिचार्ज संपलेला, इनकमिंग बंद, लॉक मला उघडता येत नाही. दर शनिवारी मी तो चार्ज करतो. स्क्रीनवर जत्रेतला फोटो आहे, एका माणसाच्या खांद्यावर पोरगं, पोराच्या हातात पिपाणी, आणि माणसानं एक डोळा मिटलाय, बहुतेक पिपाणी कानातच वाजली असणार. ज्यांचा असेल त्यांनी टोकन घेऊन यावं. टोकन हरवलं असेल तर तसंच यावं. सोमवारी बंद असतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, छापू नये.)